पाण्यातलं झाड बघ

पहाटेचं तळं, पलीकडच्या काठावर झाडांची रांग आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब. एवढाच ऐवज असलेला फोटो टेबलावर आला की बोलणाऱ्यांची पंचाईत होते. वारीच्या फोटोत माणसं असतात, चेहरे असतात; वाघाच्या फोटोत वाघ असतो. तिथे बोलायला विषय आयता मिळतो. निवांत पाण्याच्या फोटोत काही घडत नसतं. मग कुणी ‘लई भारी’ म्हणून पुढच्या प्रिंटकडे वळतं, तर कुणी पाठ असलेला एखादा नियम काढून फोटोला लावतं आणि त्याला नापास करतं. फोटो काढणाऱ्याच्या पदरात दोन्ही वेळा काहीच पडत नाही.

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकांना मी बरीच वर्षं जाऊन बसतोय. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सगळीकडे थोडीफार हीच तऱ्हा. आणि सगळीकडे मला एकच म्हणावंसं वाटतं: अभिप्राय देणाऱ्याने आधी काय दिसतंय ते सांगावं, तेही फोटोवर बोट ठेवून. ज्या मताला फोटोत बोट ठेवायला जागा सापडत नाही, ते मत घेऊन फोटोवाला घरी जाऊन करणार काय? ही सवय लावून घ्यायला शांत पाण्याच्या फोटोइतका चांगला गुरू नाही, कारण त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते आणि वरची खालचीशी ताडून बघता येते.

कोल्हापुरातली एक बैठक रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरते. नावं छापू नका असं सगळ्यांनी सांगितलंय, म्हणून ती देत नाही. बँकेत नोकरी करणारी एक तरुणी, दोन डॉक्टर, एक सराफ, लग्नाचे फोटो काढणारे दोघं-तिघं, आणि एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. इथे फोटो मोबाइलवर दाखवायचा नाही, प्रिंट काढून आणायची, तीही मॅट कागदावर, म्हणजे ट्यूबलाइटची चमक मध्ये येत नाही. मोबाइलवर बघताना अंगठा पुढचा फोटो सरकवायला टपलेला असतो, असं सराफांनी मला याचं कारण सांगितलं. ते मला पटलं.

त्या रविवारी बँकेतल्या तरुणीने रंकाळा तलावाचा फोटो आणला होता. कोल्हापुरात रंकाळ्याचा फोटो चारचौघांत ठेवणं सोपं नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी काढलेला असतो. शिवाय हे गाव चित्रकारांचं. आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून इथे आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि १९३१ साली ते जाईपर्यंत कोटितीर्थ, पंचगंगा, रंकाळा हे पाणी त्यांच्या कागदावर उतरत राहिलं. रंकाळ्याच्या पाण्यातला दगडी संध्यामठही त्यांनी रंगवला. तेव्हा ‘रंकाळा, संध्यामठ, सकाळ’ असा फोटो आणणारीला ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच यावं लागतं.

फोटोत वरचा भाग फिकट, राखाडीकडे झुकणाऱ्या पिवळ्या आकाशाचा. मध्यभागाच्या जरा उजवीकडे संध्यामठाचे काळे दगडी खांब, खालचा भाग पाण्यात. मागे पलीकडच्या काठावर झाडं. पाणी इतकं स्तब्ध, की मठ कुठे संपतो आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते खांबावरच्या ओल्या रेषेवरूनच कळत होतं. डाव्या कोपऱ्यात केंदाळाचा एक हिरवा पुंजका.

पहिला अभिप्राय एका डॉक्टरांचा आला, आणि ठाम आला. ‘होरायझन तिरकं आहे. दोन अंश फिरवलं की काम झालं.’ दोन-तीन माना हलल्या. पलीकडचा काठ खरंच डावीकडे किंचित वर चढलेला दिसत होता. तरुणीने पेन्सिल काढून प्रिंटच्या मागे लिहायला घेतलं, तेवढ्यात आण्णांनी तिला थांबवलं.

‘पोरी, लिहू नकोस अजून. आधी हे काठावरचं झाड बघ, आणि त्याचं पाण्यातलं झाड बघ. एकाखाली एक हायत का न्हाईत?’

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलून प्रिंटवर उभी धरली. झाडाचा शेंडा आणि पाण्यातला शेंडा पट्टीच्या एकाच कडेला लागले. मठाचा खांब आणि खांबाचं प्रतिबिंब, तेही लागले. ‘कॅमेरा सरळच हाय,’ आण्णा म्हणाले. ‘काठ तिरका हाय. डावीकडचा काठ लांब, उजवीकडचा जवळ. लांबचा काठ वरच दिसणार की.’

तळ्याच्या फोटोवर अभिप्राय देताना सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक ही, आणि ती सगळ्यांत जास्त आत्मविश्वासाने होते. समुद्राचं क्षितिज आडवं असलंच पाहिजे. तळ्याचा काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो वळतो, जवळ येतो, लांब जातो. उंचावरून पाहिलं तर पाण्याची कडा जितकी लांब तितकी ती फ्रेममध्ये वर. तरुणीने ट्रायपॉड काठाच्या उंच भिंतीवर लावला होता, त्यामुळे हा फरक जास्तच उठून दिसत होता. डॉक्टरांचं ऐकून तिने फोटो फिरवला असता तर काठ सरळ झाला असता आणि संध्यामठ कलला असता. वस्तू आणि तिचं शांत पाण्यातलं प्रतिबिंब नेहमी एका ओळंब्यात असतात. कॅमेरा वर किंवा खाली झुकवलेला असेल तर फ्रेमच्या कडांना हे थोडं बिघडतं, पण मधोमधची जोडी तेव्हाही खरं सांगते. डॉक्टर उठून जवळ आले, स्वतः पट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, ‘मी काठ बघत होतो. झाड बघितलंच नाही.’ त्या सकाळचं सगळ्यांत मोलाचं वाक्य मला हे वाटलं.

दुसरा आक्षेप लग्नाचे फोटो काढणाऱ्यांपैकी एकाचा. ‘वर मठाच्या माथ्यावरून मागची झाडं डोकावतात. पाण्यात बघा, झाडं मठामागे गडप झालीत. रिफ्लेक्शन जुळत नाही. एडिट केलंय का?’ प्रश्न रोखठोक होता आणि निरीक्षण अगदी अचूक. जुळत नव्हतंच. पण शंका चुकीची होती. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल असं आपण धरून चालतो, आणि फोटो एडिट करणारे कित्येकदा तसंच करतात: वरचा अर्धा कापायचा, उलटा करायचा, खाली चिकटवायचा. खरं पाणी असं वागत नाही. कॅमेरा पाण्याच्या वर जितका उंच, तितकाच पाण्याखाली खोल एक दुसरा डोळा आहे असं समजा. प्रतिबिंबात दिसतं ते त्या खालच्या डोळ्याने पाहिलेलं दृश्य. खालून पाहताना जवळचा मठ उंच वाटतो आणि मागची झाडं त्याच्याआड जातात. पुलाच्या कमानीचं छत, होडीच्या कडेचा खालचा भाग या गोष्टी वरून दिसत नाहीत, पण पाण्यात दिसतात, त्या याच कारणाने. मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने १९३७ साली उघड्यावरच्या प्रकाशाच्या गमतींवर एक पुस्तक लिहिलं. डबक्यांपासून कालव्यांपर्यंतची अशी प्रतिबिंबं त्याने त्यात मनापासून तपासली आहेत. भिंग नाही, प्रयोगशाळा नाही, नुसतं चालत जाऊन बघायचं.

तेव्हा न जुळणारं प्रतिबिंब हाच फोटो खरा असल्याचा पुरावा ठरला. आणि त्यातून एक उपयोगाची सूचनाही निघाली, जी आक्षेप घेणाऱ्यानेच दिली: भिंतीवरून उतरून खालच्या पायरीवर ट्रायपॉड लावला, कॅमेरा पाण्यालगत आणला, तर दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होईल आणि वरचं-खालचं जास्त सारखं दिसेल. तसं हवंय की नकोय हे तिने ठरवायचं.

उजेडाबद्दल जे बोलणं झालं ते मला इथे सविस्तर सांगायचंय, कारण शांत पाण्याचे निम्मे फोटो तिथे फसतात. पाणी आरशासारखं दिसलं तरी सगळा उजेड परत करत नाही. पाण्यावर वाकून सरळ खाली पाहिलं तर पडलेल्या उजेडातला सुमारे २ टक्केच परत येतो. म्हणून पायाशी तळ दिसतो, गोटे दिसतात. नजर जितकी तिरपी, तितकं प्रतिबिंब ठळक. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन केला तर साधारण ३५ टक्के उजेड परत येतो, म्हणजे तिथलं आकाश पाण्यात मूळच्यापेक्षा दीड स्टॉप गडद. म्हणून खऱ्या पाण्यात प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा काळसरच असतं, आणि फ्रेमच्या तळाकडे ते आणखी गडद होत जातं. सूर्योदयाला आकाश जळू नये म्हणून ग्रॅड फिल्टर लावतात, वरून गडद आणि खाली पारदर्शक. तो गरजेपेक्षा गडद लावला की आकाश मंद आणि पाण्यातलं आकाश लख्ख, असा फोटो तयार होतो. हल्लीचे मोबाइल स्वतःच सावल्या उपसून वर आणतात, त्यांतही हेच होतं. बघणाऱ्याला बहुतेक वेळा कारण सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘काहीतरी खोटं वाटतंय.’ अशा वेळी एका बोटाने आकाशातली जागा दाखवावी, दुसऱ्या बोटाने पाण्यातली तीच जागा, आणि विचारावं, यातलं उजळ कोणतं?

पोलरायझरचंही असंच. पाण्यावरची चमक मारायला तो उत्तम, आणि पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात तर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसूनच टाकतो. पण निसर्गचित्र काढायला निघालं की पोलरायझर लावायचाच, अशी सवय जडलेली असते. मग शांत पाण्याचा फोटो घरी आणल्यावर खालच्या भागात प्रतिबिंब का नाही हे कळत नाही. त्या दिवशी सराफांच्या फोटोत हेच झालं होतं. कुणीतरी विचारलं, ‘फिल्टर कुठला होता?’ आणि उत्तर देतादेताच त्यांच्या लक्षात आलं.

त्याच बैठकीत एक फोटो दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावून काढलेला होता. असा फिल्टर उजेड सुमारे हजारपट कमी करतो. एक अष्टमांश सेकंदाचं एक्स्पोजर दोन मिनिटांवर जातं, आणि तेवढ्या वेळात लाटा सरासरीत विरून दुधासारखा सपाट पृष्ठभाग उमटतो. आण्णांनी विचारलं, ‘ही शांतता वाऱ्याची का शटरची?’ काढणारा तरुण क्षणभर गप्प झाला. उत्तर फोटोतच होतं: झाडांच्या कडा पाण्यात उभ्या पुसट रेघा होऊन ओघळल्या होत्या. वारा खरंच पडलेला असता तर पानं मोजता आली असती. स्वच्छ हिवाळी रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते आणि वरचा वारा तिच्यात शिरत नाही. ऊन चढलं की हवा घुसळू लागते आणि पाण्यावर पहिला शहारा उठतो. त्याआधीच्या थोड्या वेळात मिळणारं पाणी वेगळं आणि दुपारी फिल्टरने सपाट केलेलं पाणी वेगळं. दोन्हींचे उत्तम फोटो होतात. पण त्यांना एकच अभिप्राय लागू होत नाही, आणि आण्णांनी निकाल न देता प्रश्न विचारला म्हणून त्या तरुणाला हे स्वतःच बोलून दाखवता आलं.

चित्रांवरून झालेलं एक गाजलेलं भांडण इथे आठवतं. टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या चित्रांची १८३६ साली ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ने यथेच्छ टिंगल केली. ती वाचून जॉन रस्किन हा सतरा वर्षांचा मुलगा इतका चिडला, की त्याने उत्तर लिहून काढलं. टर्नरने ते छापू नको असं सुचवलं. रस्किनचा राग मात्र गेला नाही, आणि १८४३ साली ‘मॉडर्न पेंटर्स’चा पहिला खंड आला. मला या ग्रंथातलं प्रशस्तीपेक्षा निरीक्षण मोलाचं वाटतं. टर्नर थोर आहे एवढं म्हणून रस्किन थांबत नाही. पाणी खरोखर कसं दिसतं याची तो पानंच्या पानं नोंद करतो आणि मग चित्राकडे वळतो. त्यातलं एक निरीक्षण प्रत्येक फोटोवाल्याने स्वतः करून बघावं: तळ्याकाठी उभं राहून आपण एकतर पाण्याचा पृष्ठभाग बघतो किंवा पाण्यातलं प्रतिबिंब, डोळा एका वेळी दोन्हींवर स्थिर होत नाही. लेन्सचंही तेच आहे. पाण्यावर तरंगणारं पान चार हातांवर असतं; त्याच्या शेजारी दिसणारं झाडाचं प्रतिबिंब मात्र लेन्सच्या हिशेबाने झाडाइतकंच लांब, कारण उजेड झाडापासून पाण्यापर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत असा सगळा पल्ला चालून आलेला असतो. टेलिलेन्स लावून अॅपर्चर मोठं ठेवलं आणि फोकस पानावर केला, तर प्रतिबिंब धूसर येणारच. ‘फोटो शार्प नाही’ असा शेरा मारण्याआधी शार्प काय आहे ते शोधावं. पान शार्प असेल तर फोटो पानाचा आहे.

नियमांविषयी माझं मत जरा कडक आहे. पाण्याच्या प्रत्येक फोटोवर कुणीतरी म्हणतंच, ‘काठ मधोमध आलाय, रूल ऑफ थर्ड्स पाळला नाही.’ चित्र तिसऱ्या हिश्शांवर विभागायच्या या नियमाचं नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराने १७९७ साली एका पुस्तकात वापरलं. ग्रामीण निसर्गदृश्यांवर लिहिताना, चित्र दोन समान भागांत विभागलं की डोळा कुठे थांबावं ते ठरवू शकत नाही, अशी त्याची चिंता होती. चिंता रास्त आहे. पण हिरोशी सुगिमोतो हा जपानी छायाचित्रकार १९८० पासून जगभरचे समुद्र टिपतोय, आणि त्याच्या त्या मालिकेत क्षितिज फ्रेमला बरोबर मधोमध कापतं: वर हवा, खाली पाणी, तिसरं काही नाही. तिथे डोळ्याने दोन समान भागांत ये-जा करत राहावं हीच योजना आहे. प्रतिबिंबाच्या फोटोतही वर-खाली ही ये-जा हवी असू शकते. तेव्हा ‘मधोमध आहे’ हे निरीक्षण म्हणून सांगावं आणि पुढे आपल्या डोळ्याचं काय झालं ते सांगावं. तो अडला, की ये-जा करत राहिला? नियम मोडल्याची तक्रार करून बघण्याचं काम टळतं, एवढंच.

फोटो एकमेकांना दाखवून त्यावर बोलायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य होते. पुढे सलोन आले, स्पर्धा आल्या. सलोनमध्ये परीक्षकांसमोर पडद्यावर फोटो काही सेकंद येतो, प्रत्येक जण आकडा दाबतो, बेरीज होते, फोटो स्वीकारला जातो किंवा गळतो. हजारो फोटोंतून निवड करायची तर दुसरा मार्ग नाही हे मला मान्य आहे. पण आकडा ऐकून आलेल्या माणसाच्या हाती पुढचा फोटो काढायला काय उरतं? आणि इतक्या थोड्या सेकंदांत शांत पाणी हरतंच. त्याला वेळ लागतो. मायनर व्हाइट हा अमेरिकी छायाचित्रकार १९६५ पासून एमआयटीत शिकवायचा, तेव्हा विद्यार्थ्यांना एकाच छायाचित्रासमोर बराच वेळ गप्प बसवून ठेवायचा. आधी शरीर सैल करायचं, मग बघायचं, आणि खूप नंतर बोलायचं. कोल्हापूरच्या गटाने त्यातलं थोडं उचललंय: प्रिंट टेबलावर ठेवल्यावर पहिलं एक मिनिट कुणी बोलायचं नाही. तरुणीचा फोटो पाहताना त्याच मिनिटात मला उजव्या कडेजवळ एक बारीक गोल तरंग दिसला, बहुधा मासा वर येऊन गेल्याचा. ते मिनिट नसतं तर तो मला दिसला नसता.

अभिप्रायाची एक पद्धत लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास बसवली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी पाहणारे सांगतात, या कामात आपल्याला काय जाणवलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. शेवटी मत, तेही परवानगी मागून: अमुक गोष्टीबद्दल मला काही सांगायचंय, ऐकायला आवडेल का? कलाकार नको म्हणू शकतो. या पद्धतीची तिसरी पायरी मला सगळ्यांत अवघड वाटते. ‘एवढ्या उंचावरून का काढलास?’ हा प्रश्न नव्हे, तो ओरडा आहे. ‘कॅमेरा पाण्यापासून किती वर होता?’ हा प्रश्न. पहिल्यावर माणूस सफाई देतो, दुसऱ्यावर आठवून सांगतो, आणि सांगताना त्याला आपला फोटो नव्याने दिसतो.

घेणाऱ्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे फोटो पुढे करताना ‘सहज काढलाय, सांभाळून घ्या’ असं म्हणायची पद्धत आहे. ते नम्रतेने म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याचं तोंड त्याने बांधलं जातं. सांभाळून घ्या म्हटलेल्या माणसाला खरं कोण सांगणार? दुसरीकडे, बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ‘त्याचं काय झालं, तिथे उभं राहायला जागाच नव्हती’ अशी कारणं सुरू होतात. पहाटेची थंडी, पाण्याचा वास, तासभर पाहिलेली वाट हे सगळं काढणाऱ्याच्या अंगावर असतं आणि प्रिंटमध्ये ते उतरलं की नाही हे त्याला एकट्याला कळू शकत नाही. बघणारा उपयोगी पडतो तो नेमका इथे, कारण तो तिथे नव्हता. तरुणीने त्या दिवशी एकही खुलासा केला नाही. पेन्सिलने मागे लिहीत गेली, आणि सगळ्यांचं झाल्यावर दोन प्रश्न विचारले. मासा किती जणांना दिसला? आणि डोळा फोटोतून बाहेर कुठून जातो?

दुसऱ्या प्रश्नावर आण्णा म्हणाले, ‘केंदाळातून. ते काप. तेवढं कापलंस की चित्र शांत झालं.’ तीन-चार जणांनी दुजोरा दिला. अशा बैठकांत वडीलधाऱ्याचा शब्द शेवटचा ठरायला वेळ लागत नाही, आणि आण्णांनी तिचा कलू पाहणारा फोटो नुकताच वाचवला होता. तरी ती म्हणाली, ‘आण्णा, ते रंकाळ्यात आहे.’

ते आहेच. सांडपाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांवर पोसणारी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती रंकाळ्यावर कित्येकदा पसरली आहे, काढली गेली आहे आणि पुन्हा आली आहे. फोटोतून ती काढायची की नाही हा नुसता रचनेचा प्रश्न उरत नाही. छायाचित्रकारांनी पाण्याभोवतीचं नकोसं काढून टाकणं नवं नाही. गुस्ताव्ह ल ग्रे १८५७ च्या सुमारास समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन क्षितिजावर जोडायचा, कारण त्या काळच्या रसायनांना दोन्ही एकदम पेलत नव्हतं. आंद्रेआस गुर्स्कीने १९९९ च्या ‘ऱ्हाइन २’ मधून पलीकडच्या काठावरचं बांधकाम आणि चालणारी माणसं संगणकावर पुसली. उरले हिरवे-राखाडी आडवे पट्टे, आणि २०११ साली त्याची एक प्रिंट ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. गुर्स्की नदी जशी होती तशी दाखवल्याचा दावा करत नव्हता. पण कोल्हापुरात राहून रंकाळ्याचा फोटो काढणाऱ्या मुलीने केंदाळ ठेवलं तर माझं मत तिच्या बाजूला आहे. आण्णांचं निरीक्षण बरोबर होतं, डोळा तिथून बाहेर जात होता. उपाय काय करायचा, हे मात्र तिच्याकडेच राहायला हवं. अभिप्राय देणाऱ्याने दुखणं अचूक दाखवलं तरी औषध त्याच्याच हातचं घेतलं पाहिजे असं नाही, आणि ते घेतलं नाही म्हणून त्याने रुसूही नये. आण्णा रुसले नाहीत. ‘मग कॅमेरा डावीकडं वळव आणि जास्त घे,’ म्हणाले. ‘चोरटं ठेवू नकोस.’

पुढच्या महिन्यात ती दोन प्रिंट घेऊन आली. एक जुनीच, केंदाळ कापलेली. दुसरी नव्याने जाऊन काढलेली: ट्रायपॉड खालच्या पायरीवर, केंदाळाचा पट्टा फ्रेमच्या तळाशी आडवा पसरलेला, त्याच्यापलीकडे मोकळं पाणी, मग मठ. कुणीतरी हात वर करून मतं मोजू या म्हणालं. तिने नको म्हटलं. ‘डोळा आधी कुठे जातो आणि नंतर कुठे, तेवढंच सांगा.’ डॉक्टर म्हणाले, कापलेल्या फोटोत मठावर जातो आणि तिथेच राहतो. नव्या फोटोत आधी हिरव्यावर अडतो, मग पाण्यावरून मठाकडे जातो, आणि पाणी त्यामुळे जास्त रुंद वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं उलट वाटत होतं; हिरवा पट्टा ओलांडून त्यांची नजर पुढे जातच नव्हती. मग दोघांनी फूटपट्टी घेऊन तो पट्टा फ्रेमच्या कितव्या हिश्शात संपतो ते मोजायला घेतलं, आण्णा मध्ये पडले, आणि सराफांनी आणलेला फोटो त्या रविवारी पिशवीतून बाहेर निघालाच नाही.